ऑफिसात एआय आलं, पण वाचलेला वेळ कोणाचा?

कागदवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात आहे. आमचा विभाग म्हणजे कागद. गोळ्यांची एक बॅच निघाली की तिच्यामागून रेकॉर्डचा गठ्ठा येतो. वजन कोणी केलं, मिक्सर किती वाजता सुरू झाला, तापमान किती होतं, सही कोणाची, तपासलं कोणी. एखादी नोंद मर्यादेबाहेर गेली की डेव्हिएशन लिहायचं, कारण शोधायचं, परत होऊ नये म्हणून काय करणार तेही मांडायचं. हे वाचणारी आणि लिहिणारी माणसं माझ्या हाताखाली आहेत.

आता वरून निरोप आलाय की एक एआय टूल घ्यायचंय. रेकॉर्ड स्कॅन केले की ते चुकलेल्या नोंदी दाखवणार आणि डेव्हिएशनचा पहिला मसुदाही लिहून देणार. डेमो झाला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. आमची मुलं अर्धा दिवस मान मोडून जे करतात ते चहा येईस्तोवर झालं. टाळ्याबिळ्या वाजल्या. मग आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंनी विचारलं, "मग त्या अर्ध्या दिवसात आम्ही काय करायचं?" व्हेंडर म्हणाला, "व्हॅल्यू अ‍ॅडेड वर्क." बाई म्हणाल्या, "म्हणजे कितें?" पुढे कोणी काही बोललं नाही.

मला आता मॅनेजमेंटला टिपण द्यायचंय, की हे आणताना माणसांचं काय करावं. नेटवर शोधलं तर जिथेतिथे एकच कीर्तन: सहानुभूती ठेवा, संवाद साधा, सगळ्यांना सोबत घ्या. कोण नाही म्हणतंय? पण ते वाचून उद्या कामावर गेल्यावर नेमकं काय करायचं ते समजत नाही.

माझ्या मते मूळ प्रश्न एकच आहे. वाचलेला वेळ कोणाच्या खात्यात जमा होणार? कंपनी तो माणसं कमी करून घेऊ शकते. तेवढ्याच माणसांकडून दुप्पट बॅचा काढूनही घेऊ शकते. किंवा त्यातला थोडा माणसांकडे राहू देऊ शकते: प्लांटवर जाऊन खरं कारण बघायला, नवीन काही शिकायला, आणि हो, वेळेवर घरी जायला. आमच्याकडे सत्तरीतून, काणकोणातून कंपनीच्या बसने येणारी मुलं आहेत. त्यांचा दिवस दारात बस थांबते तिथून सुरू होतो. हे टूल आणण्याआधी ठरलं आणि उघड सांगितलं गेलं, तर बाकीचं नेतृत्वबितृत्व आपोआप होईल असं मला वाटतं.

तुमच्या ऑफिसात आलंय का? साहेबांनी काय केलं? बरंवाईट दोन्ही लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

अडाणी सल्लागार

मी पयलो! सविस्तर नंतर लिहितो. तोवर पॉपकॉर्न.

रात्रपाळी

ताई, चांगला धागा. मी कळंगुटला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. आमच्याकडे एआय रोस्टरच्या रूपाने आलं. बुकिंगचा अंदाज घेऊन कोणत्या दिवशी किती माणसं लागतील ते ठरवतं आणि ड्युट्या लावतं.

आता गोव्यातली रीत इथल्यांना सांगायला नको. नाताळात आम्ही हिंदू पोरं उभी राहतो, चवथीला ख्रिस्ती सहकारी आमच्या पाळ्या घेतात. हे कुठे लिहिलेलं नाही, कोणी हिशोबही ठेवत नाही. जुना ड्युटी मॅनेजर वहीत पेन्सिलीने लिहायचा आणि त्याच्या डोक्यात सगळं असायचं: कोणाच्या घरी गणपती दीड दिवसाचा, कोणाकडे पाच, कोणाची आई आजारी, कोण कोणाबरोबर पाळी बदलू शकतो. सॉफ्टवेअरला फक्त बुकिंग दिसत होतं. चवथीला लागून सुट्ट्या जोडून आल्या, बुकिंग चढलं, आणि आम्हां अर्ध्या लोकांना चवथीच्याच दिवशी ड्युटी. विनंत्या अ‍ॅपमध्ये टाकायच्या, अ‍ॅप नाकारणार, आणि मॅनेजर म्हणणार, "सिस्टमने लावलंय, माझ्या हातात नाही."

राग सॉफ्टवेअरचा नव्हता आला. "माझ्या हातात नाही" ह्या वाक्याचा आला. पेन्सिलवाला साहेब नाही म्हणायचा तेव्हा निदान त्याच्याशी भांडता यायचं.

पुढे जनरल मॅनेजर बदलले. नव्या बाईंनी रोस्टर तसंच ठेवलं, पण शेवटची सही ड्युटी मॅनेजरची केली. बदल केला तर कारण एका ओळीत लिहायचं, बस्स. आणि सणांच्या पाळ्या महिनाभर आधी आम्हीच आपसात ठरवून द्यायच्या, सॉफ्टवेअरने उरलेलं भरायचं. आता बरं चाललंय.

अवांतर: एक कंपनी आमच्याकडे कॅमेरा विकायला आली होती. काउंटरवरचा माणूस किती हसतो त्याचे मार्क देणार! बाईंनी चहा पाजून परत पाठवलं. युरोपच्या एआय कायद्यात तर कामाच्या जागी अशी भावना ओळखणारी यंत्रं फेब्रुवारी २०२५ पासून बंदच आहेत. वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण असेल तेवढा अपवाद.

जुना लेजर

मी बँकेतून निवृत्त झालो, मडगावला असतो. संगणक आला तेव्हा आम्ही संघटनेत होतो, तेव्हा थोडा इतिहास.

१९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल त्यानंतर, १९८४ चा. आजच्या मुलांना गंमत वाटेल, पण कुठली यंत्रं कुठे बसवायची, त्यावर कोण बसणार, त्याला विशेष भत्ता किती, ह्या सगळ्यावर वाटाघाटी व्हायच्या. खातेवहीच्या नोंदी करणारं लेजर पोस्टिंग मशीन शाखेत यायचं ते करारातून वाट काढून. आम्हाला त्या काळी विकासाचे शत्रू म्हटलं गेलं. असू दे. पण त्या भांडणातून एक झालं, की यंत्र आलं म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी घरी गेला नाही, आणि ज्याला शिकायचं होतं त्याला शिकायला वेळ मिळाला.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धसत्य होईल. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली आणि लाखाच्या आसपास लोक बाहेर पडले. म्हणजे आमची भीती खोटी नव्हती, ती पंधरा-सतरा वर्षं उशिरा खरी ठरली. त्या मधल्या काळात वाचलेल्या वेळाचं काय झालं, हा प्रश्न आम्ही संघटनेत कधी विचारलाच नाही. भत्त्यावर भांडत राहिलो. म्हणून तुमचा प्रश्न मला योग्य वाटतो.

टक्केटोणपे

सगळे मिळून व्हेंडरला धुताय म्हणून व्हेंडरच बोलतो. पर्वरीत माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. (ताईंना डेमो देणारा मी नव्हे!)

थोडं कडू लिहितो, हलकेच घ्या. "वेळ कोणाचा ते आधी ठरवा" हे बोलायला सोपं आहे. टूल बसवण्याआधी किती वेळ वाचेल हे कुणालाच धड ठाऊक नसतं. डेमोत अर्धा दिवस वाचतो, प्रत्यक्षात स्कॅन धूसर, हस्ताक्षर अगम्य, आणि अर्धा तास वाचला तरी नशीब. अशा वेळी मालकाने "कोणालाही काढणार नाही" असं छातीठोक सांगावं आणि दोन वर्षांनी ऑर्डर गेल्यावर काढावं, यापेक्षा न बोललेलं बरं. खोटा दिलासा देणारा साहेब मला कडक साहेबापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

आणि स्पर्धा आहे हो. शेजारच्या कंपनीने केलं आणि तुम्ही नाही केलं तर पगार कुठून देणार?

रात्रपाळी

@टक्केटोणपे, स्पर्धेचं म्हणाल तर क्लार्ना बघा. आधी खरेदी, पैसे नंतर, अशी सोय देणारी स्वीडनची मोठी कंपनी. २०२४ मध्ये सांगितलं की आमचा एआय ग्राहकसेवेतल्या ७०० माणसांचं काम करतो. २०२५ मध्ये त्यांचेच प्रमुख म्हणाले की दर्जा घसरला, पुन्हा माणसं घेतोय.

टक्केटोणपे

मान्य. पण एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. त्यांनी एआय काही बंद केलं नाही.

बार्जवाला

डिचोलीचा आहे. आमचं घर खाणीवर चालायचं, ट्रक होते. २०१२ ला खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून परत सगळं ठप्प. निकाल बरोबर की चूक हा वाद इथे नको, पर्यावरणाचं नुकसान आम्हीही डोळ्यांनी पाहिलंय.

मला एवढंच म्हणायचंय की काम जाण्यापेक्षा कळायच्या आधी जाणं जास्त लागतं. तेव्हा कंपनीतल्या मोठ्या साहेबांना अंदाज नक्की होता. आमच्यासारख्यांनी मात्र त्याच सुमारास नवीन ट्रकचं कर्ज काढलं. कोणीतरी एका शब्दाने "थांब" म्हटलं असतं तर हप्ते डोक्यावर बसले नसते.

तेव्हा टक्केटोणपे, खोटा दिलासा नको हे कबूल. पण गप्प राहणं हाही उपाय नव्हे. जे माहीत आहे ते सांगा, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगा, आणि परत कधी सांगणार ती तारीख द्या. माणूस आपल्या कर्जाचं आपण बघतो.

अडाणी सल्लागार

बार्जवाले, +१००. पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

विसावा

शिकवायचे दिवस संपले, पण सवय जात नाही, तेव्हा थोडं मास्तरी करतो.

लोकांना वाटतं हे प्रश्न एआयमुळे आले. १९५१ मध्ये एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी ब्रिटनमधल्या कोळसा खाणींचा अभ्यास छापला. बॅमफर्थ स्वतः आधी खाणकामगार होते. पूर्वी दोनचार जणांची टोळी कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंत सगळं करायची, एकमेकांना सांभाळायची. मग यंत्रं आली आणि काम तीन पाळ्यांत तोडलं गेलं. एका पाळीने कापायचं, दुसरीने पट्टा सरकवायचा, तिसरीने भरायचं. यंत्र उत्तम, तरी अपेक्षेइतकं उत्पादन वाढेना, गैरहजेरी वाढली, आणि प्रत्येक पाळी मागच्या पाळीला दोष देऊ लागली. जिथे कामगारांनी यंत्र ठेवून पुन्हा आपल्या टोळ्या बांधल्या तिथे ते नीट चाललं. यंत्र आणि माणसांची घडी एकत्रच बसवावी लागते, हे तेव्हापासून माहीत आहे.

दुसरं नाव लिझॅन बेनब्रिज. १९८३ चा त्यांचा निबंध आहे, विमानं आणि रासायनिक कारखान्यांच्या काळातला. मुद्दा असा: सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे उरतं फक्त अवघड, तेही क्वचित येणारं. पण रोजचा सराव सुटल्यामुळे नेमकं तेच त्याला जमेनासं होतं. वर त्याला "लक्ष ठेव" म्हणून बसवायचं, आणि काहीच घडत नसताना तासन्‌तास लक्ष ठेवणं माणसाला जमत नाही.

कागदवालीताई, तुमच्याकडे हे हमखास होणार. टूल म्हणेल शंभर पानांत दोन चुका. काही महिन्यांनी तुमची माणसं ती दोनच पानं बघतील. तिसरी चूक ऑडिटरला सापडेल आणि तिच्याखाली सही तुमच्या माणसाची असेल.

कागदवाली

सर, अंगावर काटा आला. आमच्याकडे नेमकी हीच भीती आहे. सही माणसाचीच राहणार. युरोपात औषधनिर्मितीच्या नियमांत एआयसाठी वेगळं परिशिष्ट येऊ घातलंय, जुलै २०२५ मध्ये मसुदा आला. त्यात तर म्हटलंय की रुग्णाच्या सुरक्षेशी, औषधाच्या दर्जाशी थेट संबंध असलेल्या कामात जनरेटिव्ह एआय वापरूच नये. म्हणजे मसुदा टूलचा, मान माणसाची.

यावर उपाय काय करतात?

विसावा

विमानतळावर सामानाच्या एक्स-रे पडद्यावर मधूनमधून खोट्या बंदुकीचं, स्फोटकाचं चित्र मुद्दाम टाकतात. बघणाऱ्याने बटण दाबलं की "शाबास, चाचणी होती" असं दिसतं. तुम्हीही ठरवून चुका पेरलेले जुने रेकॉर्ड मधूनच टाकू शकता. फक्त त्यावरून कोणाचं अप्रेझल करू नका, नाहीतर सराव बाजूला राहून सापळा होईल.

आणि काही बॅचा टूलशिवायच तपासा, पाळीपाळीने. वाचलेल्या वेळातला एक हिस्सा यालाच द्या. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तर यातच आहे.

नवा भिडू

मी अगदी ज्युनियर, पणजीत एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करतोय. ज्येष्ठांच्या धाग्यात तोंड घालतोय.

आमच्याकडे पत्रांचे, नोटिसांच्या उत्तरांचे मसुदे आता एआय लिहितं. पूर्वी तेच काम आमच्यासारख्यांना मिळायचं. लाल पेनाने भरून परत यायचं, पण त्यातूनच शिकायला मिळायचं असं सिनियर सांगतात. आता आम्ही काय शिकणार? आमच्या सरांनी एक नियम केलाय: आधी स्वतः लिहायचं, मग एआयचा मसुदा उघडायचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून काय वेगळं आहे ते त्यांना सांगायचं. वेळ जातो. बाकीची पोरं कुरकुरतात. पण एआयने एका मुदतीची तारीख ठोकून दिली होती, ती मला पकडता आली ती यामुळेच.

जुना लेजर

बाळा, तुझे सर भेटले तर माझा नमस्कार सांग.

पेडणेकर

हे सगळं ठीक आहे, पण आमच्या टॅक्सीवाल्यांचं काय? २०१८ पासून अ‍ॅपवरून बोंबाबोंब चाललीय, तिथे कुठे गेली तुमची लोककेंद्री…

संपादक मंडळ

टॅक्सीवर तीन धागे आधीच पेटलेले आहेत, कृपया तिकडे. यापुढचे बारा प्रतिसाद हलवले आहेत.

वकिलीण

मडगावात कामगार कायद्याचं काम करते. थोडक्यात.

यंत्र किंवा पद्धत सुधारल्यामुळे कामगारकपात होण्याची शक्यता असेल तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यायची, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ म्हणून होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिथे ती कलम ४० मध्ये आहे. कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्यासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार एका निधीत भरण्याचीही तरतूद आहे. पंधरा दिवसांत माणूस काय नवं शिकतो ते मला विचारू नका.

मेख अशी की महिना १८,००० रुपयांवर पगार असलेला पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकीय काम करणारा माणूस त्या व्याख्येत "कामगार" नाही. तुमच्यातले काही जण आत, काही बाहेर असतील. एआयचा घाला नेमका ह्या मधल्या कागदवाल्या लोकांवर येतोय, आणि कायदा अजून मशीनवरच्या माणसाला डोळ्यांसमोर धरून बोलतोय. म्हणून टिपणात "कायद्याप्रमाणे करू" एवढं लिहून भागणार नाही.

टक्केटोणपे

एक विचारतो, ताई. टूलला शिकवायला जुने डेव्हिएशन रिपोर्ट देणार असाल ना? ते लिहिले कोणी?

कागदवाली

बहुतेक त्याच बाईंनी, ज्यांनी प्रश्न विचारला.

टक्केटोणपे

तेच म्हणायचं होतं. अर्थतज्ज्ञ ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२३ चा अभ्यास आहे, ग्राहकसेवेतल्या ५,००० हून जास्त लोकांवर. एआयच्या मदतीने काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं. नवख्यांचं ३४ टक्क्यांनी. मुरलेल्यांचं जवळजवळ काहीच नाही. कारण टूल मुरलेल्यांच्या संभाषणांवरूनच शिकलं होतं आणि तेच नवख्यांना पुरवत होतं. मुरलेल्यांना त्याचा वेगळा मोबदला नाही.

मी विकणारा माणूस आहे, तरी सांगतो. त्या बाईंना "युजर" म्हणून ट्रेनिंगला बसवू नका. टूलचं उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारं पद द्या, कागदावर, पगारासकट. माझ्या अनुभवात जिथे हे झालं तिथे टूल टिकलं. जिथे नाही झालं तिथे जाणती माणसं हाताची घडी घालून बसली आणि आमची मशीन त्यांनी गोडीगुलाबीने मारली.

रात्रपाळी

पात्रांव, आज तुम्ही मन जिंकलंत.

कागदवाली

देव बरें करूं, सगळ्यांना. टिपणाचा कच्चा मसुदा झाला, इथे टाकते. मुद्दाम साधी भाषा ठेवलीय.

"हे टूल वापरात आल्यापासून एक वर्ष, त्याच्यामुळे विभागातून कोणाला कमी केलं जाणार नाही. वर्षानंतरचं आज सांगता येत नाही. दर तीन महिन्यांनी विभागप्रमुख किती वेळ वाचला आणि तो कुठे गेला ते सगळ्यांसमोर मांडतील. वाचलेल्या वेळातला निम्मा वेळ मुळापासून कारण शोधणे, प्लांटवरील फेरी, प्रशिक्षण आणि टूलशिवायची तपासणी यांसाठी राखीव राहील. त्या वेळात जादा बॅचा देऊ नयेत. टूलचं म्हणणं नाकारण्याचा अधिकार तपासणाऱ्याला आहे, नाकारल्याबद्दल जाब विचारला जाणार नाही, कारण एका ओळीत नोंदवावं. टूलच्या उत्तरांचा दर्जा ठरवण्यासाठी विभागातून एक वरिष्ठ पद निर्माण करावं. नव्या मुलांनी पहिले सहा महिने डेव्हिएशन स्वतः लिहावेत."

निम्मा वेळ मागितलाय. एक तृतीयांशावर तडजोड होईल असा माझा अंदाज आहे, म्हणून निम्मा.

बार्जवाला

एक वर्ष लिहिलंत ते बरं केलंत. तारीख घाला. "वापरात आल्यापासून" म्हणजे कधी, यावर नंतर वाद होतो.

वकिलीण

सहमत. आणि "विभागातून कोणाला" म्हणजे नक्की कोण? तुमच्याकडे स्कॅनिंगला आणि डेटा भरायला कंत्राटदारामार्फत आलेल्या मुली असतीलच. त्या तुमच्या हजेरीपटावर नाहीत. टूल आल्यावर पहिला फोन त्यांच्या कंत्राटदाराला जाईल, आणि तुमचं टिपण तसूभरही मोडलेलं नसेल.

कागदवाली

आहेत. त्यांचं काम तर टूल थेटच करणार आहे. वाक्य बदलते: "कंपनीच्या किंवा कंत्राटदाराच्या पटावर असलेल्या". यावर एचआर अडणार, खर्च त्यांच्या बजेटमधून जात नाही असं म्हणणार. कोणी कंत्राटदाराबरोबरच्या करारात अशी अट घालून घेतली आहे का? शब्दरचना मिळाली तर व्यक्तिगत निरोप करा, गुरुवारी मीटिंग आहे.